ओ कोणी दिली

४ नोव्हेंबर

नऊ वाजून गेले तरी फोटो आला नाही, म्हणून मी विळा हातात घेऊन उंबरठ्यावरच बसून राहिले. सासूबाई डोक्याला फडकं बांधून कधीच्या तयार. म्हणाल्या, धान काय फोटोनं कापणार आहे? मी म्हटलं, आई, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांचा अर्धा तास झाला, अन् मग आला एकदाचा. अश्वजितचं मनगट, त्यावर हिरवं गोंदलेलं माझ्या नावाचं 'सं', त्याच्यावर काळं घड्याळ. सहा किलोमीटर.

अश्वजित माझा नवरा. फौजेत नाईक आहे. जूनपासून दक्षिण सुदानात, शांतिसेनेत. कॅम्पाच्या बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून कुंपणाच्या आतूनच गोल गोल पळतो. तिथली पहाट म्हणजे आपले नऊ. जायच्या आधीच आमचं ठरलं होतं की बोलणं होवो न होवो, पळून झालं की घड्याळाचा फोटो टाकायचा. त्याला आम्ही हाक म्हणतो. मोहफुलं वेचायला जंगलात गेलेल्या बाया झाडाझाडाखालून एकमेकींना हाक देत राहतात अन् जिची तिनं ओ द्यायची असते, तसं. ओ आली की समजायचं, बाई धडधाकट आहे. फोटो आला की मीही समजते.

पण आज फोटोखाली एक ओळ जास्तीची होती. 'आज दीपिका सोबत होती. दम काढला तिनं माझा.'

कोण दीपिका? अन् याचा दम तिनं कायले काढावा?

९ नोव्हेंबर

गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. रात्री नाटक आहे, म्हणून सगळ्यांच्या घरी पाहुणे. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, समोरच्या रांगेतल्या खुर्च्या धरल्या. मी जाणार नाही म्हटलं. डोकं दुखतं म्हटलं. खरं कारण फोनमध्ये आहे.

आज त्यांच्या कॅम्पात रविवारची शर्यत झाली. फोटोत नऊ-दहा जण, घामानं निथळलेले. अश्वजितच्या बाजूला ती. महिला जवानांची एक तुकडी तिकडे गेली आहे, त्यातली. भंडाऱ्याकडची आहे म्हणे, लाखांदूरजवळची. 'आपल्यासारखंच बोलते, ऐकून बरं वाटते,' असं लिहिलंय महाराजांनी. बरं वाटते! मी पाच महिने फोनवर काय कानडी बोलून राहिले?

फोटो मोठा करून पाहिला. बूट चांगले आहेत तिचे. पाय लांब आहेत. दात मात्र थोडे पुढे आहेत. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

१४ नोव्हेंबर

आज भारे बांधताना बुधरी म्हणाली, ताई, तुमी तर आधी पळत होत्या न? ही बुधरी आमच्याकडे कापणीला येते. मी म्हटलं, हव, होते. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

होतेच मी. सिंदेवाही रोडवर पहाटे आम्ही आठ-दहा पोरंपोरी भरतीची तयारी करायचो. अश्वजित तिथलाच. त्याची एक खोड. शिट्टी वाजली की फाडफाड सुटायचा, जसं काही मागं कुत्रं लागलं. भातसंशोधन केंद्राच्या फाटकापर्यंत सगळ्यांच्या पुढं, अन् तिथून भात्यासारखा फुसफुसत मागं. मी तिथंच त्याला गाठायची. रोज. शंभरदा सांगितलं, सुरुवातीला मागं राह्य, पाय एका तालात टाक, मंग शेवटाले खाय सगळ्याइले. तो हसायचा. म्हणायचा, भरतीत आधी गर्दीतून बाहेर नाई निघालं तर कोपरं खाऊन मरतो मानूस. ती सवय भरती झाल्यावरही सुटली नाही, लग्नानंतरही नाही. घड्याळात दर किलोमीटरला लागलेल्या वेळेची एक काडी दिसते. याच्या काड्या म्हणजे जिना. पहिली आखूड, मग एकेक लांब होत जाते.

तो लागला. माझं पोलीस भरतीत मैदान पूर्ण निघालं, लेखीत थोडक्यात गेलं. पुढच्या वर्षी लग्न. मग दोन वर्षांआधी रस्त्याच्या पलीकडच्या जंगलाच्या बिटात वाघानं एक माणूस नेला, तेव्हापासून वनरक्षक सांगून जातात, दिवस वर आल्याशिवाय निघू नका, एकटं निघू नका. आता रोडवर कोणीच पळत नाही. माझे बूट माळ्यावर आहेत.

तो कुंपणाच्या आत पळतो अन् मी कुंपणाच्या आत बसते. अन् त्याच्यासोबत पळायला त्याला दुसरी भेटली. झालं.

२० नोव्हेंबर

काल नाही, आज नाही. फोटो नाही. बाबा म्हणतात नेटवर्क नसेल, तिकडं पावसानं रस्ते सगळे चिखल झालेत, त्यानंच सांगितलं होतं. सासूबाई सकाळपासून तीन वेळा अंगणात येऊन माझ्या फोनकडे पाहून गेल्या.

पहिले भीती वाटली. मग मनात आलं, दमला असेल. दम काढणारी आहे न तिथं.

२२ नोव्हेंबर

फोन आला, व्हिडिओवर. चेहरा काळवंडलेला, दाढी वाढलेली, डोकं उशीवर. आधी मागं हिरवा पत्रा दिसायचा, आज पांढरी भिंत. मी म्हटलं, हे कुठं? तो म्हणाला, खोली बदलली. आवाज का असा? सर्दी झाली. पळाले नाही तीन-चार दिवस? सर्दीच होती न.

एवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "पानी ठेवलं इथी. हलू नका तुमी."

माझ्या अंगाची आग झाली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या म्हणून मी 'तुम्ही'वरच राहिले, एरवी एकांतात तूच म्हणते. विचारलं, तुमच्या खोलीत बाई कोण? तो म्हणाला, "दीपिका हाये, ड्यूटीवर हाये थे." अन् लगेच म्हणाला, ठेवतो, बॅटरी संपून राहिली.

खोलीत कसली ड्यूटी असते, मला कोणी सांगावं. अन् 'हलू नका' म्हणे. ही कोण त्याला हलू नको म्हणणारी? मीसुद्धा कधी त्याला बस म्हटलं तर बसला नाही तो.

सासूबाई म्हणाल्या, पोरगा वाळला. मी म्हटलं, वाळला नाही, चांगला मजेत आहे.

२६ नोव्हेंबर

फोटो सुरू झाले, पण आता मनगट नाही. नुसती घड्याळाची काच, भरून. माझ्या नावाचं गोंदण दाखवायला लाज वाटून राहिली का?

अन् काड्या! मी चष्मा लावून पाहिल्या. सगळ्या एका उंचीच्या, रोवणीत दोरी धरून लावलेल्या रोपांसारख्या. शेवटची तर थोडी आखूड, म्हणजे शेवटी वेग वाढवला. सुरुवातीला मागं राहून, पाय एका तालात टाकून, शेवटाला खाल्लं सगळ्यांना.

चार वर्षं मी ओरडले तेव्हा ऐकलं नाही. तिनं तीन आठवड्यांत शिकवलं.

हे मला फार लागलं. तिच्यासोबत हसला असता, चहा प्याला असता, तर मी गिळलं असतं. पण पळणं माझं होतं. ते मी त्याला देत होते अन् त्यानं घेतलं नाही, अन् दुसऱ्या बाईच्या हातून मुकाट्यानं घेतलं. आज मी त्याला नुसता अंगठा पाठवला. त्यानं विचारलंही नाही की अंगठाच काऊन.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो, मग घरी बाबासाहेबांच्या फोटोसमोर. दरवर्षी या दिवशी अश्वजित जिथं असेल तिथून फोन लावतो अन् आम्ही सोबत वंदना म्हणतो. यंदाही लावला. बाबा उभे, आम्ही दोघी उभ्या, फोन पेटीवर टेकवलेला. तो बसूनच. कॉलरची गुंडी लावलेली, केस विंचरलेले, हात जोडलेले, पण बसून.

वंदना झाल्यावर बाबा म्हणाले, "बसूनच काऊन रे? पाय दुखतेत काय?"

तो म्हणाला, फोन ठेवायला उंच जागा नाही, उभा राहिलो तर डोकं कापलं जाईल चित्रातून. बाबा हसले. मी नाही हसले. लहानपणापासून या दिवशी तापातही उभा राहणारा माणूस आहे हा, त्यांनीच मला सांगितलं होतं. आता बसून वंदना करतो. संगत लागली की माणूस असा बदलतो.

बोलणं संपताना मला म्हणाला, "संघा, तू चिडून हायेस काय?" मी म्हटलं, मी कायले चिडू. फोन ठेवून मोरीत गेले अन् तोंडावर पाणी मारलं.

१३ डिसेंबर

आज मनगट आलं.

नेहमीसारखा घाईत पाठवलेला फोटो. घड्याळ तेच, कडेला ओरखडा आहे तोही तोच. मनगट त्याचं नाही. बारीक, लव नसलेलं, अन् घड्याळाच्या वर केस बांधायचं काळं रबर. 'सं' कुठंच नाही.

मी फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा पाहिलं. फोटो लगेच गायब झाला. पुसला त्यानं. मागून दुसरा आला, नुसत्या काचेचा. पण माझ्या डोळ्यांतून कसा पुसणार?

ते घड्याळ मी दिलंय त्याला. ब्लाऊज शिवून शिवून, चंद्रपूरहून आणून. ते आता तिच्या हातात. सकाळी उठून त्याच्या हातातून काढून घेत असेल, नाहीतर तोच बांधून देत असेल. असल्या गोष्टी मला आता एकामागून एक दिसतात अन् थांबवता येत नाहीत.

मी लिहिलं, 'घड्याळ तिलेच ठेवू दे. मले हाक नको आता.' त्याचे सात फोन आले. एकही उचलला नाही. बरं वाटलं थोडं, खोटं कशाला लिहू.

१५ डिसेंबर

आज खळ्यावर चुरणा होता, धानाची मळणी. बाबा ट्रॅक्टरवाल्यासोबत, मी अन् सासूबाई तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, सारत होतो. मी कालपासून जेवले नव्हते. त्यांनी ओळखलं असावं. डबा माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, भांडली काय त्याच्याशी? मी सगळं सांगून टाकलं. दीपिका, खोली, घड्याळ, मनगट. सांगताना रडले. वाटलं होतं पोराची बाजू घेतील. त्यांनी तणीस खाली टाकली अन् एकच विचारलं.

"फोटो त्याचा, अन् हात दुसरीचा?"

मी हव म्हटलं.

मग त्यांनी सोमारीचं सांगितलं. सोमारी शेजारच्या गोंड टोल्यावरची, त्या वस्तीतली, त्यांच्या वयाची. दोघी सोबत मोहाला जायच्या. एका दिवशी सगळ्या हाका देत होत्या. सोमारीच्या नावानं हाक गेली तेव्हा तिच्या जवळच्या झाडाखालच्या पोरीनं ओ दिली. तिला वाटलं सोमारी फुलं वेचण्यात गुंग आहे, तिच्या वतीनं आपणच देऊ, काय होते. दोन वेळा दिली. तिसऱ्यांदा त्या पोरीनं मागं वळून पाहिलं तर झाडाखाली नुसती टोपली. पहिल्याच हाकेला सगळ्या धावल्या असत्या तर सापडली असती जिती, असं आई म्हणाल्या. तेव्हापासून आमच्याकडे लहान पोरीला जंगलात नेताना पहिले हे सांगतात की दुसऱ्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं, पण सोमारीचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

"तुले काय दिसून राह्यलं मले नाई माहीत," आई म्हणाल्या. "मले भेव वाटून राह्यलं. ओ त्याची नाई तं थो कुठी हाये?"

मी तिथंच खळ्यावर बसून मागचे सगळे फोटो काढले. अठरा नोव्हेंबरपर्यंत जिना. रोज जिना, शर्यतीच्या दिवशीही जिना, ती सोबत पळाली त्या दिवशीही. मध्ये रिकामे दिवस. मग एकदम सपाट. माणूस शिकतो तेव्हा अशा काड्या पडत नाहीत. आधी थोडं जमतं, मग एखाद्या दिवशी खोड परत उसळते, मग पुन्हा जमतं. रोडवरच्या पोरांना शिकवलंय मी, मला माहीत नाही? हा एकही दिवस चुकला नाही.

हे त्याचे पायच नाहीत.

पांढरी भिंत. उशी. हलू नका. बसून वंदना. बाई गं, महिनाभर मी काय पाहत होते?

फोन सासूबाईंनीच लावून दिला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी आईंसमोरच तूवर आले.

"पाय दाखव," मी म्हटलं.

"संघा, थे घड्याळाचं—"

"घड्याळ मरू दे. पाय दाखव तुझा."

त्यानं आधी पांघरूण सारलं. मग फोन फिरवला. उजवा पाय, गुडघ्याच्या खालून पार घोट्यापर्यंत, लोखंडी सळ्या बाहेरून लावलेल्या.

१६ डिसेंबर

काल लिहिणं झालं नाही पुढचं. गाडी चिखलात घसरून कलंडली, एकोणीस तारखेला. नडगी दोन ठिकाणी मोडली. तिथल्याच फौजी दवाखान्यात आहे. हाड जुळेल म्हणतात, वेळ लागेल. पळता येईल का, ते अजून कोणी सांगत नाही. घरी कळवतो म्हणून वरच्यांना त्यानंच सांगितलं अन् कळवलं नाही. बाबांचं बीपी, अन् मी एकटी, अन् कापणीचे दिवस, अशी त्याची कारणं. दीपिकाची त्या वॉर्डाबाहेर पहाऱ्याची ड्यूटी असते. त्यानं तिला घड्याळ दिलं अन् म्हटलं, रोज पळतेच तू, हे बांधून पळ. फोटो नाई गेला तं घरची तिकडं जेवनार नाई.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नाही, अन् आवाज मात्र जराही चढला नाही.

"मोहाच्या जंगलात वाढला न तू? तुझी ओ दुसरीनं देल्ली, अन् आमी इथी हसत बसलो. सोमारीची टोपली मी उचलून आनली होती, माहीत हाये तुले?"

तो रडला. मीही. बाबा ट्रॅक्टरपासून आमच्याकडे आले तेव्हा त्यांना सांगावंच लागलं. त्यांचं बीपी ठीक आहे. ते म्हणाले, बसून वंदना केली तेव्हाच मले समजाले पायजे होतं.

२३ डिसेंबर

दीपिकाचा आवाजी संदेश आला. चार वेळा ऐकला. 'ताई, माफ करा. मी बी आधी अशी पळत नव्हती. शर्यतीच्या दुसऱ्या दिवसापासून नाईक साहेबांनी शिकवलं, पहिले मागं राह्य, पाय एका तालात टाक, मंग खाय सगळ्याइले. स्वतःले जमत नाई म्हणत होते. म्हणे माझी बायको अशी पळते. रोज कुंपणापाशी उभे राहून ओरडत होते, आता खाटेवरून ओरडतात. मले तं तुमचा राग येत होता सुरुवातीले. कोन एवढी पळणारी बायको, असं वाटे.'

म्हणजे ते माझंच पळणं होतं. चार वर्षं हसून उडवलं अन् शब्दाला शब्द पाठ होतं त्याला.

लोकांना वाटेल आता माझा जीव थंड झाला असेल. नाही झाला. ते तिच्या पायांत गेलं, माझ्या पायांत नाही, हे अजून डाचते. तिला लिहिलं, 'बाई, राग नाही. घड्याळ त्याच्या हातात परत बांध.' तिनं लगेच फोटो पाठवला. मनगट, 'सं', घड्याळ. घड्याळात शून्य किलोमीटर. एवढा सुंदर फोटो त्यानं वर्षभरात पाठवला नव्हता.

४ जानेवारी

बूट माळ्यावरून काढले. उंदरानं एकाची जीभ कुरतडली होती, शिवून घेतली.

रोडवर जायची हिंमत नाही अन् परवानगीही नाही. पण दिवस वर आल्यावर तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाता येतं, दोन्हीकडून मोकळं आहे, दिसतं दूरवर. सासूबाई म्हणाल्या, मी येतो सोबत. काठी घेऊन सांडव्यापाशी उभ्या राहिल्या. मासे धरणारे डोंग्यातून पाहत होते, सून पळते अन् सासू पहारा देते म्हणून. पाहू दे.

पहिल्याच फेरीत मी फाडफाड सुटले. मी! वळणावर दम तुटला अन् एकटीच हसले. मग मागं राहिले, पाय एका तालात टाकले. पाळ जिथं झाडीकडे वळते तिथं मी आईंना दिसेनाशी होते. तिथं पोचले की हाक यायची, "संघे होऽऽ". मी ओ द्यायची. प्रत्येक फेरीला. दम लागलेला, बोलवत नव्हतं, तरी दिली.

घरी येऊन फोनवरच्या काड्यांचा फोटो त्याला पाठवला. पहिली आखूड, मग लांब, मग सपाट, शेवटची आखूड. खाली लिहिलं, 'आता हाक माझी. ओ तू द्यायची. दुसऱ्या कोणाकडून देशील तर पाहून घेईन.'

बारा वाजेपर्यंत उत्तर नाही. मी ब्लाऊजच्या बाह्या उलट्या शिवल्या. मनात आलंच, दीपिका पळून आली असेल, तिच्या काड्या पाहत बसला असेल.

मग आला संदेश, आवाजी. आधी खाटेचं करकरणं, सळ्या कशाला तरी लागल्याचा आवाज, कण्हणं. उठून बसत होता बहुतेक. मग एवढंच, "ओ."

मी आईंना ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकलं.

"त्याचीच हाये," त्या म्हणाल्या, अन् तांदूळ निवडायला बसल्या.